कामाच्या ठिकाणी अडखळून पडण्याचा धोका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान व मध्यम कारखाने, गोदामे, वर्कशॉप आणि कार्यालये येथील सुरक्षा समितीचे सदस्य, सुपरवायझर आणि मालक यांच्या मनात येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. उंचावरून पडणे हा वेगळा आणि स्वतंत्र विषय असल्याने तो येथे घेतलेला नाही.

अडखळणे आणि घसरणे यांत फरक कशाला करायचा? शेवटी माणूस पडतोच ना?

फरक करायचा तो उपायासाठी. घसरताना पायाखालची पकड सुटते आणि शरीर बहुधा मागे कोसळते. अडखळताना पुढे जाणारा पाय कशाला तरी अडतो, शरीराचा वरचा भाग मात्र चालण्याच्या गतीने पुढे जात राहतो आणि माणूस तोंडावर पडतो. अशा वेळी हात आपोआप पुढे येतात, म्हणून मनगट, कोपर, गुडघे आणि दात यांना इजा होते. तिसरा प्रकार चुकलेल्या पावलाचा : जमीन अपेक्षेपेक्षा खोल लागते आणि घोटा मुरगळतो.

पुष्कळ ठिकाणी अपघात नोंदवहीत या तिन्हींसाठी ‘पाय घसरून पडला’ एवढेच लिहिले जाते. त्याचा परिणाम असा होतो, की कारण जमिनीतून वर आलेला बोल्ट असतो आणि उपाय म्हणून मात्र संपूर्ण शॉपफ्लोअरवर न घसरणारा रंग मारला जातो. नोंद करताना पाय अडला, सुटला की खाली गेला, एवढा एक प्रश्न जखमी माणसाला विचारला तरी पुढचे बरेच काम सोपे होते.

बोटभर उंचवट्याला धडधाकट माणूस कसा अडखळतो?

सपाट जमिनीवर चालताना पुढे जाणाऱ्या पायाचा चवडा सर्वांत खालच्या क्षणी जमिनीपासून साधारण एक ते दोन सेंटिमीटरच वर असतो. शरीर पाय उगाच जास्त उचलत नाही. आत्ता ओलांडलेली जमीन जशी होती तशीच पुढची असणार, असे मेंदू गृहीत धरतो आणि नजर जमिनीऐवजी समोरच्या माणसांवर, यंत्रावर किंवा हातातल्या वस्तूवर ठेवतो.

म्हणून वाटेत ठेवलेल्या मोठ्या लाकडी खोक्यापेक्षा शहाबादी फरशीचा बारा मिलिमीटर वर आलेला कोपरा अधिक माणसे पाडू शकतो. खोके दिसते आणि त्याला वळसा घातला जातो, कोपरा मात्र नजरेत भरत नाही. अमेरिकेच्या दिव्यांगसुलभ बांधकामाच्या मानकांत जमिनीच्या पातळीतील सरळ उभा फरक सुमारे साडेसहा मिलिमीटरपर्यंतच मान्य आहे, तेरा मिलिमीटरपर्यंत कड तिरकी करावी लागते आणि त्यापुढे उतार द्यावा लागतो. ही मानके आपल्या कारखान्यांना बंधनकारक नाहीत, पण तपासणीला निघताना खिशात मोजपट्टी का हवी, हे त्यांवरून कळते.

अडखळण्याच्या धोक्याच्या मूल्यमापनाची सुरुवात कुठून करावी?

आराखड्यावरून करू नये. आराखड्यात दाखवलेला गँगवे, म्हणजे येण्याजाण्याचा आखीव मार्ग, आणि माणसे प्रत्यक्ष चालतात ती वाट या बहुतेक ठिकाणी वेगळ्या असतात. स्टोअरपासून पॅकिंगपर्यंत पिवळ्या पट्ट्यांमधून जायला वळसा पडत असेल, तर लोक दोन यंत्रांच्या मधून जातात आणि नेमकी ती जागा कोणाच्याच तपासणी यादीत नसते. आधी एका जागी उभे राहून माणसे कुठून जातात ते पाहावे, आणि मग त्याच वाटांनी, शक्य असेल तर हातात रिकामे खोके धरून, स्वतः चालावे. छातीशी खोके धरले की समोरची दोन-तीन पावलांची जमीन दिसत नाही. तपासनीस हातात केवळ पॅड घेऊन फिरतो, म्हणून त्याला हे जाणवत नाही.

वेळही महत्त्वाची असते. सकाळी झाडलोट झाल्यावर केलेली फेरी कागदावर छान दिसते, पण पाळी बदलताना, चहाच्या सुट्टीत, माल रवाना करण्याच्या घाईत, रात्रपाळीत आणि मुसळधार पावसात तीच जागा वेगळी असते. निदान दोन वेगवेगळ्या वेळी फेरी मारावी.

आणि यादी करताना वस्तूचे नाव लिहून थांबू नये. वाटेत पडलेली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी अडचणीवरचा तोडगा असते. एक्स्टेंशन बोर्ड वाटेत आडवा येतो, कारण टेबलाजवळ सॉकेट नाही. रिकामी पॅलेट (माल रचण्याच्या चौकटी) दाराशी उभी राहतात, कारण ती परत नेणारी गाडी आठवड्यातून एकदाच येते आणि तोवर त्यांना जागा दिलेली नाही. म्हणून प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असाव्यात : काय आहे, कुठे आहे, तेथे ते कोणाच्या कामामुळे आले आणि ते काम करायला दुसरी सोय का नव्हती. चौथा रकाना रिकामा राहिला, तर वस्तू आज उचलली जाईल आणि उद्या परत येईल. स्वच्छता सप्ताह संपताच शॉपफ्लोअर पूर्वीसारखे होते, याचेही कारण बहुतेक वेळा हेच असते.

शक्यता आणि तीव्रता यांना प्रत्येकी पाचपैकी गुण देणाऱ्या आमच्या ५ × ५ च्या तक्त्यात अडखळण्याची जोखीम नेहमी ‘कमी’ रंगात येते. मग वेळ का घालवावा?

तक्ता भरताना तीव्रतेच्या रकान्यात सवयीने ‘किरकोळ इजा’ लिहिले जाते, म्हणून असे होते. तीव्रता अडथळ्याच्या उंचीवर ठरत नाही, पडणारा माणूस कशावर पडेल यावर ठरते. तीच वायर कार्यालयात खुर्चीशेजारी असेल तर गुडघा खरचटेल, पण जिन्याच्या वरच्या टोकाशी, चालू ग्राइंडरजवळ, उकळत्या तेलाच्या कढईशेजारी, उघड्या खड्ड्याच्या कडेला किंवा फोर्कलिफ्टच्या मार्गात असेल तर जीवही जाऊ शकतो. हातात काय आहे, हेही पाहावे : आम्लाचा कॅन किंवा काचेचे तावदान घेऊन जाणारा माणूस हात पुढे टाकून स्वतःला सावरू शकत नाही.

म्हणून एकाच प्रकारच्या अडथळ्याला सर्वत्र एकच गुण देण्याऐवजी जागेनुसार गुण द्यावेत. शक्यतेचा रकाना भरताना त्या वाटेने एका पाळीत किती फेऱ्या होतात, याचा अंदाज घ्यावा. आणि गुण कमी आले तरी जो अडथळा पाच मिनिटांत हटतो, तो तक्ता पूर्ण होण्याची वाट न पाहता हटवावा.

कोणत्या जागा तपासणीतून हमखास सुटतात?

यंत्र हलवल्यावर जमिनीत राहिलेले फाउंडेशनचे बोल्ट, ही पहिली जागा. यंत्र नव्या जागी जाते, फरशी पुसली जाते आणि दोन सूत वर आलेले चार बोल्ट वर्षानुवर्षे तसेच राहतात. ते ठोकून वाकवणे हा उपाय नाही. ते जमिनीच्या पातळीखाली कापून वर ग्राउट (भरावाचे सिमेंट मिश्रण) भरावे.

गोदामात पॅकिंगच्या पट्ट्या पाहाव्यात. कापलेली प्लॅस्टिकची पट्टी जमिनीवर वर्तुळाकार पडते. एका पायाने तिचे एक टोक दाबले जाते आणि दुसरा पाय त्याच वर्तुळात अडकतो. ही पट्टी दिसायला क्षुल्लक असली तरी गोदामातला तो अतिशय वाईट फास आहे. पट्टी कापणाऱ्याच्या हाताशी, म्हणजे अगदी दोन पावलांच्या आत, टाकाऊ पट्ट्यांचा डबा हवा. तो भिंतीशी असला, तर पट्ट्या जमिनीवरच राहतील.

त्यानंतर येतात गटाराच्या चेंबरची हलणारी झाकणे, वाकलेली जाळी, फोर्कलिफ्टच्या चाकांनी काँक्रीटच्या जोडाशी तुटलेल्या कडा, आवारात खचलेले पेव्हर ब्लॉक, रसायनांच्या साठ्याभोवतीचा बुटका कठडा आणि स्वच्छतागृहाच्या दाराशी असलेली ती एकुलती एक पायरी. सलग जिना असेल तर माणूस सावध होतो, पण एकच पायरी आणि तीही दोन्ही बाजूंच्या फरशीच्याच रंगाची असेल, तर ती जवळजवळ अदृश्य असते.

पावसाळ्याची एक खास सवय येथे सांगायला हवी. कोकणात, मुंबई-ठाण्यात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या बऱ्याच कारखान्यांत जून महिना लागला की दाराशी पुठ्ठे आणि गोणपाट अंथरले जातात. हेतू घसरू नये हा असतो, पण भिजलेल्या पुठ्ठ्याच्या कडा वर वळतात, गोणपाटाला घड्या पडतात आणि घसरण्याचा धोका कमी करताना अडखळण्याचा धोका तयार होतो. दाराबाहेर छत पुढे काढणे, दारातच जमिनीत बसवलेली जाळी आणि तिच्या आत कडा चपट्या असलेली जड रबरी मॅट, हा त्यावरचा टिकाऊ उपाय आहे.

दसऱ्याच्या यंत्रपूजेचा दिवसही तपासणीच्या दिनदर्शिकेत असावा. केळीचे खांब, रोषणाईच्या वायरी, सतरंज्या आणि दाराशी काढलेल्या चपलांचा ढीग यांमुळे एरवी मोकळ्या असलेल्या वाटा त्या दिवशी बंद होतात, आणि नेमके त्याच दिवशी कामगारांची लहान मुलेही आवारात असतात.

वायरी आणि हवेचे पाईप यांचे नेमके काय करावे?

पहिला प्रश्न ‘झाकावे कसे’ हा नसावा, ‘जमिनीवर हवेच कशाला’ हा असावा. कायमच्या कामासाठी सॉकेट किंवा हवेचा पॉइंट कामाच्या जागी आणावा. तो भिंतीवरून आणता येत नसेल, तर वरच्या केबल ट्रेमधून खाली सोडावा, आणि हवेच्या पाईपसाठी स्प्रिंगने आपोआप गुंडाळले जाणारे रीळ वर टांगावे. याचा खर्च एकदाच येतो.

तात्पुरत्या कामासाठी वायर भिंतीच्या कडेने न्यावी आणि वाट ओलांडणे अपरिहार्य असेल, तर दोन्ही बाजूंनी उतार असलेले रबरी केबल संरक्षक वापरावे. चिकटपट्टी हा एखाद्या दिवसाच्या सभेपुरता उपाय आहे. आठवड्याभरात तिच्या कडा सुटतात आणि मग वायर आणि पट्टी असे दोन अडथळे होतात. गालिच्याखालून वायर नेणे मात्र पूर्ण टाळावे, कारण तेथे उंचवटाही तयार होतो आणि दबलेली वायर तापून आग लागण्याची भीतीही असते. वेल्डिंगची केबल आणि तिची अर्थिंगची परतीची केबल या दोन्ही शक्यतो एकाच बाजूने न्याव्यात, म्हणजे निदान वाट एकदाच अडते.

पिवळे-काळे पट्टे मारले आणि ‘सावधान’चा फलक लावला, तर पुरेसे होते का?

नाही. जो उंचवटा आज काढता येत नाही, त्यासाठी पट्टा ही मधली व्यवस्था आहे. रंग मारला की काम झाले असे सर्वांना वाटू लागते आणि दुरुस्तीची मागणी मागे पडते, म्हणून पट्टा मारताना त्याच दिवशी दुरुस्तीची तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे नाव यादीत लिहावे. शिवाय जिकडेतिकडे पट्टे दिसू लागले, की डोळा त्यांना सरावतो आणि खऱ्या धोक्याचा पट्टाही दिसेनासा होतो.

उपायांचा क्रम असा ठेवावा : अडथळा नाहीसा करणे, ते जमत नसेल तर जागा, मार्ग किंवा यंत्रणा बदलणे, मग उतार, कठडा, झाकण, मग खुणा, सूचना आणि प्रशिक्षण, आणि अगदी शेवटी बूट.

जिन्यांबाबत काय पाहावे?

सर्वांत आधी पायऱ्यांची उंची एकसारखी आहे का, ते मोजावे. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच पाय त्या जिन्याची उंची शिकतो आणि पुढे नजरेशिवाय चढतो. मध्येच एक पायरी थोडी उंच असली, तरी चवडा तिच्या कडेला अडतो. जुन्या जिन्यावर नवी फरशी बसवली की पहिली किंवा शेवटची पायरी हमखास वेगळ्या उंचीची होते. राष्ट्रीय इमारत संहितेत निवासी इमारतींसाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, तर बहुतेक इतर इमारतींसाठी १५० मिलिमीटर सांगितलेली आहे.

यानंतर पायरीची कड वेगळ्या रंगाने दिसते का, धातूची कडपट्टी सुटली आहे का, कठडा हातात नीट मावतो का आणि जिन्याच्या कोपऱ्यात फायलींचे गठ्ठे किंवा पाण्याचे जार ठेवले आहेत का, हे पाहावे. जिन्यावर सामान ठेवण्याला कोणतेही कारण मान्य करू नये. आगीच्या वेळी धुरात त्याच जिन्याने सर्वांना उतरायचे असते.

उजेडाचा आणि चष्म्याचा यात कितपत संबंध आहे?

बराच आहे. भर उन्हातल्या आवारातून शेडमध्ये शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो आणि त्या वेळात माणूस दाराचा उंबरा ओलांडून चार पावले आत आलेलाही असतो. म्हणून शेडच्या दाराजवळचा आतला भाग इतर भागापेक्षा अधिक उजळ हवा, आणि तेथे पातळीचा फरक शक्यतो ठेवूच नये. दिवा किती प्रखर आहे यापेक्षा सावली कुठे पडते, हे पाहावे. रॅकच्या सावलीत ठेवलेल्या पॅलेटचे कोपरे दिसत नाहीत.

दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगाच्या चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यामुळे त्यातून पायाजवळची जमीन धूसर दिसते. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना, विशेषतः जिन्यावर, याची कल्पना द्यावी.

कामगार मोबाइल बघत चालतो. मग चूक त्याची नाही का?

चालताना मोबाइल वापरू नये, हा नियम योग्यच आहे आणि तो साहेबांनाही लागू असावा. मात्र अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ या दोन शब्दांवर संपत असेल, तर ती चौकशी अपुरी आहे. माणूस दिवसभर जमिनीकडे बघत काम करू शकत नाही. त्याचे लक्ष माप, यंत्र आणि मागून येणारी ट्रॉली यांच्याकडे असणे हेच त्याचे काम आहे. ‘बघून चाला’ ही सूचना देऊन जमीन बदलत नाही.

सेफ्टी शूजने अडखळणे थांबते का?

थांबत नाही. चवड्याला धातूची टोपी असलेला बूट जड वस्तू पायावर पडली तर वाचवतो, अडथळ्यापासून नाही. मापाने मोठे बूट, झिजलेला किंवा पुढून सुटलेला तळ, लोंबणाऱ्या नाड्या आणि पावसाळ्यात सर्वांसाठी एकाच मापाचे आणलेले गमबूट हे उलट धोका वाढवतात. साडीवर ॲप्रन घालून काम करणाऱ्या महिलांच्या बाबतीत, निऱ्या पायात येणार नाहीत असा पोशाख संस्थेने द्यावा. खर्च वाचवण्यासाठी तो विषय त्यांच्यावर ढकलू नये.

ठेकेदाराची माणसे काम करून जातात आणि पसारा आमच्याकडे राहतो. जबाबदारी कोणाची?

जागा तुमची असेल तर तुमची जबाबदारी संपत नाही. वर्क परमिटमध्येच, म्हणजे काम सुरू करण्याच्या लेखी परवान्यातच, सामान कुठे ठेवायचे, वायर कोणत्या मार्गाने न्यायची, उघडलेले झाकण कोणी आणि केव्हा बंद करायचे, हे लिहून घ्यावे. काम संपल्यावर परमिट बंद करणाऱ्याने जागेवर जाऊन पाहूनच सही करावी. टेबलावर बसून केलेल्या सह्यांमुळे उघडी राहिलेली चेंबर काही कमी नाहीत.

कायदा याबाबत काय सांगतो?

कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ मध्ये जमीन, पायऱ्या, जिने आणि येण्याजाण्याचे मार्ग भक्कम बांधणीचे, सुस्थितीत आणि अडथळ्यांपासून मुक्त ठेवावेत, असे स्पष्ट सांगितलेले होते. कलम ३३ जमिनीतील खड्डे आणि उघडी तोंडे झाकण्याबाबत किंवा त्यांना कठडा घालण्याबाबत होते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिने या अधिनियमाची जागा घेतली. कामाची जागा इजा होण्याजोग्या धोक्यांपासून मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य या संहितेतही आहे. महाराष्ट्रात कारखान्यांच्या बाबतीत अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे.

अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा अधिक काळ काम करू शकला नाही, तर त्याची सूचना द्यावी लागते. अडखळून मनगट मोडले, तर तो या व्याख्येत सहज बसतो. ‘साधे पडणे’ म्हणून तो दडपू नये. कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगाराला कामावर झालेल्या इजेमुळे तात्पुरती असमर्थता आल्यास सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो आणि त्यासाठी अपघाताची नोंद वेळेवर होणे आवश्यक असते.

पडता पडता वाचलेल्या प्रसंगांची नोंद खरोखर उपयोगी पडते का?

पडते, पण लोक ती सहसा देत नाहीत, कारण अडखळल्यावर पहिली भावना लाजेची असते. माणूस इकडेतिकडे बघतो आणि पुढे जातो. लांबलचक फॉर्म ठेवला तर कोणीच भरणार नाही. जागेचा नकाशा भिंतीवर लावून अडखळलेल्या ठिकाणी नुसता एक लाल ठिपका चिकटवायला सांगावे, नाव विचारू नये. काही आठवड्यांत ठिपके कुठे दाटतात ते दिसते आणि दुरुस्तीचा क्रम वादाशिवाय ठरतो. ठिपका लागूनही काही झाले नाही, तर मात्र लोक ठिपके लावणे बंद करतात.

कोणी पडलेच, तर लगेच काय करावे?

घाईने ओढून उभे करू नये. डोके आपटले का, मान किंवा पाठ दुखते का आणि शुद्ध हरपली होती का, हे आधी विचारावे. मान-पाठ दुखत असेल तर हलवू नये व रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार लागलेला माणूस रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल, तर बरे वाटत असले तरी त्याला रुग्णालयात न्यावे. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. सुजलेल्या जागेवर मालिश करू नये. नंतर जागा झाडून टाकण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा, नाहीतर पाय कशाला अडला हे कळायचा मार्गच उरत नाही.

आमचा गाळा भाड्याचा आहे. फरशी दुरुस्त करायला मालक तयार नाही. काय करावे?

तुमच्या कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी भाडेकरारामुळे गाळामालकाकडे जात नाही. मोठी दुरुस्ती कोणी करायची, हे करारात पाहावे, आणि फोटो व मापे जोडून मागणी लेखी द्यावी. तोंडी मागणी पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी कोणालाच आठवत नाही. तोपर्यंत तुमच्या हातातले उपाय करावेत : खराब भागावरून वाट न जाईल अशी यंत्रे आणि रॅक मांडावीत, तुटलेल्या कडेला इपॉक्सी मॉर्टरने उतार द्यावा, आणि खड्ड्यावर लोखंडी चेकर्ड प्लेट टाकायची असेल तर ती खाचेत बसवून जमिनीच्या पातळीत आणावी. नुसती वर ठेवलेली प्लेट सरकते आणि तिची कड हाच नवा अडथळा होतो. नवा गाळा घेताना मात्र वीजजोडणी आणि पाण्याइतकीच बारकाईने जमीन पाहावी, आणि शक्य असेल तर पावसाळ्यात पाहावी, कारण खचलेला भाग पाणी साचल्यावर लगेच दिसतो.